मागणीपत्रातली ती ओळ कुणासाठी?

जून महिन्यात अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमधून प्राइड मिरवणुका, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांच्या मिरवणुका, निघतात. त्यांत परिचारिका, शिक्षक, बसचालक, मोटारी बनवणारे कामगार आपापल्या युनियनचे फलक घेऊन चालताना दिसतात. आपल्याकडच्या माणसाला हे पहिल्यांदा जरा चमत्कारिकच वाटतं. युनियन म्हटली की पगारवाढ, बोनस, ओव्हरटाइम, फार तर कँटीनचं जेवण. कामगाराचं प्रेम कुणावर आहे किंवा तो स्वतःला बाई मानतो की पुरुष, याच्याशी युनियनचं काय देणंघेणं?

मिरवणुकीकडे बघून याचं उत्तर मिळत नाही. फलक कुणीही रंगवतं, कंपन्याही रंगवतात. युनियनचं खरं काम दिसतं ते मॅनेजमेंटबरोबर झालेल्या कराराच्या कागदात, आणि ते समजायला आधी अमेरिकेतली नोकरी कशी असते ते पाहावं लागतं.

तिथे बहुतेक खासगी नोकऱ्यांमध्ये मालक कामगाराला कारण न सांगता घरी पाठवू शकतो. मोंटाना हे एक राज्य सोडलं तर सगळीकडे हाच नियम. अपवाद म्हणून कायद्याने काही कारणं बाद ठरवली आहेत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश अशी यादी आहे. समलिंगी असणं त्या यादीत नव्हतं. त्यामुळे ‘तू गे आहेस, उद्यापासून येऊ नकोस’ असं तोंडावर सांगितलं तरी अगदी अलीकडेपर्यंत सुमारे निम्म्या राज्यांत कामगाराला दाद मागायला जागा नव्हती. जॉर्जियातल्या एका काउंटीत मुलांच्या कल्याणाचं काम करणारा जेराल्ड बॉस्टॉक समलिंगी खेळाडूंच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये खेळायला लागला आणि त्याची नोकरी गेली. त्याच्या खटल्यात १५ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की १९६४ च्या यादीतल्या ‘लिंग’ या शब्दातच हे सगळं येतं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती नील गोर्सच ट्रम्प यांनी नेमलेले होते, हे विशेष. त्यांचा तर्क सरळ होता. पुरुषावर प्रेम करणाऱ्या बाईला तुम्ही कामावर ठेवता आणि पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला काढता, म्हणजे फरक लिंगावरूनच केलात.

पण कायदा झाल्यापासून या निकालापर्यंत छप्पन्न वर्षं गेली. तेवढ्या काळात अनेक राज्यांतल्या समलिंगी कामगाराला नोकरीची थोडीफार खात्री कुठून मिळत असेल, तर ती युनियनच्या करारातून.

करारात दोन गोष्टी कामाला येतात. एक म्हणजे ‘योग्य कारणाशिवाय कामावरून काढता येणार नाही’ हे कलम. ते जवळजवळ प्रत्येक करारात असतं, आणि ‘गे आहे’ हे योग्य कारण कसं, ते मग मालकाला सिद्ध करावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे भेदभावबंदीचं कलम. त्यात वंश, धर्म, लिंग यांच्या पुढे लैंगिक कल आणि अलीकडे लिंगओळख हे शब्द घातले जातात. अन्याय झाला की कामगार आपल्या खात्यातल्या युनियन प्रतिनिधीकडे जातो, लेखी तक्रार होते, ती एकेक पायरी वर चढते आणि मिटली नाही तर तटस्थ लवादापुढे जाते. लवादाचा निर्णय सहसा मालकावर बंधनकारक असतो. यात कामगाराला स्वतःचा वकील करावा लागत नाही, खर्च युनियन सोसते. कोर्टात जायची ऐपत आणि हिंमत किती जणांकडे असते, हे लक्षात घेतलं तर या साध्या रचनेचं मोल कळतं.

आणखी एक मुद्दा सहज निसटतो. अमेरिकेत बहुमताने निवडलेली एकच युनियन त्या ठिकाणच्या सर्व कामगारांच्या वतीने करार करते. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने ‘मान्यताप्राप्त युनियन’ ठरते, साधारण त्या धर्तीवर. करार सगळ्यांना लागू, सभासद असो वा नसो. म्हणजे ज्याने आपल्याबद्दल कुणालाही काही सांगितलेलं नाही, पुढेही सांगणार नाही, त्यालाही भेदभावबंदीच्या त्या ओळीचं संरक्षण असतं. त्याला हात वर करून ‘मला हवं आहे’ म्हणावं लागत नाही.

मात्र ती ओळ मागणीपत्रात जाण्यासाठी कुणाला तरी हात वर करावा लागतो. आणि वाटाघाटींत प्रत्येक मागणीची किंमत असते. टेबलावर बसलेली कमिटी एक मागणी ताणते, दुसरी सोडून देते. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कामगार संख्येने थोडे. बाकीच्या बहुसंख्यांनी, ज्यांना स्वतःला त्या ओळीचा काही उपयोग नाही त्यांनी, तिच्यासाठी आपलं वजन का खर्च करावं? माझ्या मते युनियन आणि एलजीबीटीक्यू कामगारांचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. त्याची उत्तरं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी काढली आणि सगळ्यांत जुनं, ठसठशीत उत्तर जहाजांवरून आलं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून, विशेषतः सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला जाणाऱ्या आलिशान प्रवासी बोटींवर स्वयंपाकी, वाढपी, केबिन आवरणारे, केस कापणारे असा मोठा ताफा असे. यांतले बरेच जण समलिंगी होते. डेकवरचे खलाशी त्यांच्या कामाला बायकी म्हणून हिणवत. त्यांची युनियन होती मरीन कुक्स अँड स्टुअर्ड्स. या युनियनची सुरुवात काही भूषणावह नव्हती. १९०१ मध्ये ती निघाली तेव्हा चिनी कामगारांना बोटींवरून हटवणं हा तिचा एक हेतूच होता. तीच युनियन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास गोरे, काळे, आशियाई आणि उघडपणे समलिंगी कामगार एकत्र असलेली, डाव्या नेतृत्वाखालची संघटना झाली. हे मतपरिवर्तन भाषणांनी घडलं नाही. संप फोडायचा तर मालकाला सोपी युक्ती होती, गोऱ्यांच्या संपावर काळे कामगार आणून उभे करायचे. असे मार खाऊन झाल्यावर लोकांना हिशेब कळला. त्यांच्यात एक घोषणा रूढ झाली, तिचा आशय असा: आज एकाला कम्युनिस्ट म्हणून झोडपू दिलंत, तर उद्या दुसऱ्याला काळा म्हणून झोडपतील, आणि परवा तिसऱ्याला बायल्या म्हणून.

पण माझ्या दृष्टीने घोषणेपेक्षा मोठी गोष्ट होती कामवाटपाची. त्याआधी बंदरात भरती व्हायची ती मुकादमाच्या मर्जीने. गर्दीतून बोट दाखवायचा, तू ये, तू नको. मुंबईच्या गोदीत टोळीवाल्याचं जे राज्य होतं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. १९३४ च्या मोठ्या संपानंतर पश्चिम किनाऱ्यावर युनियनच्या ताब्यातली भरती केंद्रं आली. नाव नोंदवायचं, पाळी लागली की बोट मिळणार. ज्याने सर्वांत जास्त दिवस वाट पाहिली, तो पहिला. या पद्धतीत चालण्याबोलण्याला, कातडीच्या रंगाला, कुणाच्या आवडीनिवडीला काही अर्थच उरत नाही. भेदभाव करू नका असं मुकादमाला विनवण्यापेक्षा त्याच्या हातातली निवडच काढून घेतली, हा उपाय आजही मला जास्त भरवशाचा वाटतो.

ही युनियन टिकली नाही. १९५० मध्ये कम्युनिस्ट नेतृत्वाच्या आरोपावरून तिला सीआयओ या महासंघाने काढून टाकलं. त्याच वर्षी कोरियन युद्धाच्या निमित्ताने तटरक्षक दलाने खलाशांची ‘सुरक्षा तपासणी’ सुरू केली आणि शेकडो जणांचे कामाचे परवाने गेले. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत युनियन संपली. ॲलन बेरुबे या इतिहासकाराने जुन्या स्टुअर्ड मंडळींना गाठून त्यांच्या आठवणी गोळा केल्या, म्हणून निदान ही गोष्ट राहिली.

दुसरं उत्तर देवाणघेवाणीचं. ते बिअरमधून निघालं. १९७४ च्या आसपास सॅन फ्रान्सिस्कोत बिअरचे ट्रक चालवणाऱ्यांचा टीमस्टर्स या युनियनच्या झेंड्याखाली झगडा चालू होता. त्यांचे नेते ॲलन बेअर्ड यांच्या लक्षात आलं की शहरात गे बारची संख्या मोठी आहे आणि तिथे बिअर धो धो खपते. ते कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्यांचं दुकान चालवणाऱ्या हार्वी मिल्क या गे कार्यकर्त्याला भेटले. कूर्सच्या बिअरवरच्या बहिष्कारात साथ द्या, ही विनंती. मिल्क व्यवहारी माणूस. त्याने अट घातली की आमच्या लोकांना ट्रकवर नोकऱ्या द्या. बारमालकांनी कूर्स कंपनीची बिअर ठेवणं बंद केलं आणि टीमस्टर्समध्ये उघडपणे गे असलेले ड्रायव्हर लागले. त्याच युनियनचा हॉवर्ड वॉलेस हा ट्रकचालक पुढे वर्षानुवर्षं हा बहिष्कार पेटता ठेवत राहिला.

कूर्सशीच भांडण का धुमसत राहिलं, यालाही कारण होतं. कोलोरॅडोतल्या गोल्डन गावी कंपनीची मुख्य भट्टी. नोकरीला येणाऱ्याला खोटं पकडणाऱ्या यंत्रावर बसवण्याची तिथे पद्धत होती आणि त्यात खासगी आयुष्याबद्दल, लैंगिक कलाबद्दलही प्रश्न विचारतात, असं कामगारांचं म्हणणं होतं. १९७७ मध्ये तिथे संप झाला त्यात हे यंत्र हा एक मोठा मुद्दा होता. म्हणजे जी गोष्ट गे कामगाराला नडत होती, तीच बाकीच्या प्रत्येकाला अपमानास्पद वाटत होती. एएफएल-सीआयओ या महासंघाने पुकारलेला देशव्यापी बहिष्कार १९८७ पर्यंत चालला.

१९७८ मध्ये ही ओळख कामी आली. कॅलिफोर्नियात ब्रिग्ज नावाच्या आमदाराने मतदारांपुढे प्रस्ताव ठेवला की सरकारी शाळांतून समलिंगी शिक्षकांना काढून टाका. शिक्षक संघटना त्याच्या विरोधात उतरल्या, इतर युनियनही उतरल्या. प्रस्ताव नीट वाचला तर कारण कळतं. समलैंगिकतेची उघड ‘बाजू घेणाऱ्या’ शिक्षकालाही त्यात काढता येणार होतं, मग त्याला घरी बायको-मुलं का असेनात. स्टाफरूममध्ये सहकाऱ्याचा कैवार घेतला तरी नोकरी जाऊ शकते, असं दिसल्यावर तो प्रश्न थोड्या लोकांचा उरत नाही. सुमारे ५८ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. तीनच आठवड्यांनी, २७ नोव्हेंबरला, तोवर शहराचा निवडून आलेला प्रतिनिधी झालेल्या मिल्कचा खून झाला.

आतापर्यंत बोललो ते नोकरी टिकवण्याबद्दल. पुढची पायरी पैशाची. अमेरिकेत आरोग्यविमा बहुतांशी नोकरीबरोबर येतो आणि लग्न झालेल्याच्या जोडीदारालाही त्यात घेतात. तिथला दवाखान्याचा खर्च पाहता हा पगाराचाच भाग म्हणायचा. दोन बाया शेजारच्या टेबलांवर तेच काम करत, एकीचा नवरा विम्यात येई, दुसरीची जोडीदारीण येत नसे, कारण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर हा हक्क देईपर्यंत बऱ्याच राज्यांत त्या दोघींना कायद्याने लग्नच करता येत नव्हतं. म्हणजे काम तेच आणि मोबदला कमी. हा मुद्दा ‘समान कामाला समान दाम’ या जुन्या मागणीत चपखल बसतो आणि कुठल्याही युनियनवाल्याला तो चटकन पटतो.

तो पहिल्यांदा जिंकला गेला १९८२ मध्ये, न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात. मालक होते रूपर्ट मर्डॉक. जेफ वाइनस्टाइन हा तिथला लेखक आणि युनियनचा प्रतिनिधी. त्यांच्या युनियनने, डिस्ट्रिक्ट ६५ ने, करारात नवरा किंवा बायको यांच्या जोडीला ‘जोडीदारासमान व्यक्ती’ असा वर्ग घालून घेतला. यातली खुबी अशी की तो वर्ग फक्त समलिंगी जोडप्यांपुरता नव्हता. लग्न न करता एकत्र राहणारे स्त्री-पुरुषही त्यात आले, आणि साप्ताहिकाच्या कचेरीत अशांची कमी नसावी. बहुसंख्यांनी का साथ द्यावी, या प्रश्नाचं हे तिसरं उत्तर: मागणी अशी लिहा की तिच्यात तेही बसतील.

छोट्या कचेरीतून ही गोष्ट कारखान्यात पोचायला अठरा वर्षं लागली. मोटार कामगारांच्या यूएडब्ल्यू या युनियनने १९९९ च्या करारात जोडीदारांच्या विम्याचा विचार करण्याचं कलम घालून घेतलं आणि जून २००० मध्ये फोर्ड, जनरल मोटर्स आणि डेमलरक्रायस्लर या तिन्ही कंपन्यांनी समलिंगी जोडीदारांना आरोग्यविमा जाहीर केला. एका फटक्यात सुमारे ४ लाख ६६ हजार कामगार त्याच्या कक्षेत आले. मोठ्या युनियनचा करार काय करू शकतो याचा हा नमुना. पण एक खोचही सांगितली पाहिजे. ज्या कूर्सवर युनियनांनी दहा वर्षं बहिष्कार घातला, त्या कंपनीने १९९५ मध्येच, म्हणजे मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या या मोटार कंपन्यांच्या पाच वर्षं आधी, हा लाभ आपणहून दिला होता. युनियन नेहमीच पुढे असते असं नाही.

कराराची ताकद कायद्यापुढे कुठे अडते, तेही याच राज्यात दिसलं. नोव्हेंबर २००४ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली की लग्न म्हणजे फक्त एक पुरुष आणि एक स्त्री, त्यासारखं दुसरं कोणतंही नातं मान्य नाही. मग विद्यापीठं, नगरपालिका अशा सरकारी ठिकाणी करारातून मिळालेल्या जोडीदार-विम्याचं काय? युनियन सभासदांची प्राइड ॲट वर्क ही संघटना कोर्टात गेली. १९९४ मध्ये स्थापन झालेली ही संघटना १९९७ पासून एएफएल-सीआयओची अधिकृत शाखा आहे. २००८ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विरोधात निकाल दिला. मॅनेजमेंट राजी, युनियन राजी, सही झालेली, तरी कलम पडलं. युनियन विधिमंडळात आणि निवडणुकांत का लुडबुड करतात, असं विचारणाऱ्यांनी हे प्रकरण बघावं.

आता थोडं घरातलं. छळ करणारा नेहमी मालकच असतो असं नाही. लॉकरवर घाणेरडं लिहिणारा, हत्यारं लपवणारा, बाथरूममध्ये अडवणारा पुष्कळदा शेजारच्या मशीनवरचा सहकारीच असतो, आणि तोही वर्गणी भरणारा सभासद असतो. मॅनेजमेंटने त्याच्यावर कारवाई केली की तोही युनियनकडेच येतो आणि युनियनला त्याचीही बाजू मांडावी लागते, कारण कायद्याने तिला सर्वांचं प्रतिनिधित्व न्यायाने करायचं असतं. हा पेच कागदावरच्या कलमाने सुटत नाही. प्रतिनिधींचं प्रशिक्षण, सभेत कोणता विनोद चालेल आणि कोणता नाही, तक्रार घेणाऱ्याने ती कुणाजवळ बोलायची नाही, असल्या किचकट गोष्टींनी तो हळूहळू हलका होतो. प्राइड ॲट वर्कसारख्या गटांचं बरंचसं काम हे असं, बातमीत न येणारं आहे.

हल्लीची लढाई ट्रान्सजेंडर कामगारांभोवती आहे. त्यात विम्यातून लिंगबदलाशी संबंधित उपचार वगळलेले नाहीत ना, ओळखपत्रावर कोणतं नाव, स्वच्छतागृह कोणतं, हे प्रश्न येतात. डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत स्टारबक्सच्या एका दुकानात युनियन निवडून आली आणि लाट पसरली. कंपनीचा विमा ट्रान्स उपचारांच्या बाबतीत आधीपासूनच चांगला. मग युनियन कशाला? उत्तर पुढच्या वर्षी पुढे आलं. युनियन आली तर हे लाभ जाऊ शकतात असं व्यवस्थापक सुचवतात, असा आरोप युनियनने केला, कंपनीने तो नाकारला. जून २०२३ मध्ये काही दुकानांत प्राइडची सजावट लावू दिली नाही, या आरोपावरून दीडशेहून अधिक दुकानांत संप झाल्याचं युनियनने सांगितलं. धोरण बदललेलं नाही, असं कंपनीचं म्हणणं. खरं-खोटं कुणाचंही असो, कंपनीचं धोरण आणि कराराचं कलम यांतला फरक मात्र इथे स्वच्छ दिसतो. धोरण कंपनी लिहिते आणि तीच खोडू शकते. कलम खोडायला दुसऱ्या बाजूची सही लागते.

आपल्याकडे या बाबतीत जे काही झालं आहे ते बहुतेक धोरणाच्याच वाटेने. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग काढून टाकला. त्यानंतर २०१९ मध्ये टाटा स्टीलने समलिंगी जोडीदारांना आरोग्यतपासणी, दत्तक रजा असे लाभ लागू केले, इतर काही कंपन्या-बँकांनीही पावलं उचलली. त्याच वर्षी आलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याने नोकरीतल्या भेदभावाला मनाई केली. समलिंगी कामगाराला खासगी नोकरीत असं स्पष्ट संरक्षण देणारा कायदा मात्र नाही आणि ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने लग्नाचा हक्कही मिळाला नाही. २०१७ मध्ये कोची मेट्रोने तेवीस ट्रान्सजेंडर व्यक्तींना कामावर घेतलं तेव्हा देशभर कौतुक झालं. पण त्यांतल्या कित्येकांनी काही दिवसांतच काम सोडलं, कारण शहरात त्यांना कुणी भाड्याने खोली देईना.

मग आपल्याकडची एखादी युनियन पुढच्या वेतनकरारात काय मागू शकते? प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी इथे हात बांधलेले आहेत. वारस म्हणून कुणाचं नाव लावता येईल आणि ‘कुटुंब’ म्हणजे कोण, हे तिथे कायद्याने आणि नियमांनी ठरवलेलं आहे, करार ते बदलू शकत नाही. पण कायद्याच्या वरचं जे जे कंपनी देते, ते वाटाघाटीत येतं: ग्रुप मेडिक्लेममध्ये कुणाला घ्यायचं, जोडीदार आजारी असताना किंवा गेल्यावर मिळणारी रजा, कंपनीच्या क्वार्टरमध्ये कोण राहू शकतं, बदलीच्या वेळी कुणाचा विचार व्हावा, गणवेश आणि ओळखपत्र. भेदभावबंदीचं कलम तर फुकटात मागता येतं, मॅनेजमेंटला त्याचा एक पैसाही खर्च नाही. कळीची अडचण वेगळीच आहे. आपले करार कायम कामगारांपुरते असतात आणि आज कित्येक कारखान्यांत निम्म्याहून जास्त लोक कंत्राटदाराच्या हजेरीवर असतात. त्यांना कुठलंच कलम लागू होत नाही, आणि उद्या कुणाला बोलवायचं ते कंत्राटदाराचा सुपरवायझर ठरवतो.